बासबाईची कात्री

बासबाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कारखान्यात कुणी उरलं नव्हतं. त्यात तिचा दोष नव्हता, दोष तिच्या कामाचा होता.

पोलादाच्या त्या कारखान्यात पोट सुटलेलं एक प्रचंड भांडं होतं, चांगलं दुमजली घराएवढं. झोतभट्टीतून आलेला लोखंडाचा लालभडक रस त्यात ओतायचा, वरून नळी सोडायची आणि ऑक्सिजनचा फवारा मारायचा. त्या रसात कार्बन नुसता ठासून भरलेला असे. असणारच, कारण झोतभट्टीत लोखंड वितळतं तेच कोळशाच्या मांडीवर बसून. ऑक्सिजन आला की हा कार्बन पेट घ्यायचा आणि भांड्याच्या तोंडातून ज्वाळा होऊन उधळायचा. जाड काळ्या काचेमागे बसून ती ज्वाळा बघायची, आणि आत हवा तेवढाच कार्बन उरला असं वाटलं की ओरडायचं, "बास!" म्हणायला बासबाईचं एवढंच काम.

पण "बास" लवकर म्हटलं तर लोखंड कडक राहायचं आणि ठिसूळ, टेबलावरून पडलं तर बशीसारखं फुटणारं. उशिरा म्हटलं तर सगळा कार्बन धूर होऊन जायचा आणि मागे असं मऊ लोखंड उरायचं की त्याला वाकायला निमित्तसुद्धा लागू नये. या दोहोंच्या मधे कुठेतरी पोलाद असतं. ते "कुठेतरी" नेमकं कुठे, हे ज्वाळेच्या रंगावरून आणि उंचीवरून ओळखायचं.

पहिल्याच आठवड्यात तिने उशीर केला. झोप लागली म्हणून नव्हे. ज्वाळा इतकी देखणी होती की ती बघतच राहिली. विभागप्रमुखांनी नमुना ठोकून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, याचे खिळे केले तर ते भिंतीत शिरायच्या आधी भिंतीला नमस्कार करतील." शेवटी वरून कोळशाची पोती ओतून तो सगळा घाणा मार्गावर आणावा लागला. त्यानंतर मात्र तिचा अंदाज असा बसला की मापाची यंत्रं आली, पडद्यावर आकडे उमटू लागले, तरी आकडे बघणारी पोरं एक डोळा तिच्याकडे ठेवून असत.

सवय घरीही आली. चहा ओतताना "बास", शेजारीण लांबण लावायला लागली की "बास", पंखा वेगात फिरला की त्यालासुद्धा "बास". लग्नही याच शब्दावर जमलं होतं. कारखान्याने काचेमागच्या लोकांसाठी जाड कोट शिवायला टाकले तेव्हा माप घ्यायला एक तरुण शिंपी आला होता. तो तिचा खांदा तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बास. खांदे दोनच आहेत." शिंप्याच्या हातून टेप खाली पडली. पुढे सगळं रीतसर झालं.

तर अशी ही बासबाई निवृत्त झाली आणि घरी आली. तिथून खरी पंचाईत सुरू झाली.

तिच्या शिंपी नवऱ्याचं, म्हणजे मास्तरांचं, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. लांबलचक टेबल, दोन शिलाई यंत्रं, इस्त्री, भिंतीला कागदी नमुन्यांचे झुपके. मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे फरशीचं छोटं अंगण. इतकी वर्षं मास्तर या दुकानाचे राजे होते. आता राज्यात दुसरं कुणीतरी येऊन खुर्ची टाकून बसलं. इस्त्री जास्त तापली, हे बासबाई दुरूनच सांगे. सुई मोडली की मोडलेलं टोक उजेडात धरून म्हणे, "कार्बन जास्त झाला हो हिला." गिऱ्हाइकं हसत. मास्तर हसत नसत.

एके दिवशी मास्तरांची कापडाची मोठी कात्री टेबलावरून घसरली आणि तिचं टोक तुटलं. मास्तर हळहळत खाली बसले. समोर एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला हात पसरून उभं होतं. बासबाईने तुकडा उचलला, नखाने टिचकी मारली.

"कसलं पोलाद हे! टाका ती. मी करून देते तुम्हाला."

"काय करून देतेस?"

"कात्री."

"अगं, कात्री म्हणजे काय बटाटेवडा आहे?" मास्तर म्हणाले. "बाजारात मिळते. घेऊन येतो."

"जन्मभर मी पोलाद केलं," बासबाई म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्याने बाजारची कात्री आणायची?"

हात पसरून उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "वा!" त्या एका "वा"ने घात केला. आता माघार नव्हती.

अडचण एकच होती. बासबाईला शंभर टनांचं सगळं कळायचं. शंभर ग्रॅमचं काहीच कळत नव्हतं. जन्मात तिने हातात हातोडा धरला नव्हता. तिने अंगणात विटांची भट्टी रचली, तिला जुन्या हेअर ड्रायरचा वारा दिला, रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मिळवून त्याची ऐरण केली, आणि लोखंडी सळई तापवून ठोकायला घेतली. मुलगी कामावरून आली तेव्हा आईच्या भुवया जळलेल्या होत्या आणि चेहऱ्यावर अपार सुख होतं.

पहिली कात्री दिसायला छान झाली. मास्तरांनी नवं सुती कापड घेतलं, कात्री लावली, दाबली. कापड दोन्ही पात्यांच्या मधे शिरून दुमडलं आणि तसंच बाहेर आलं.

"आई," मुलगी म्हणाली, "ही कापडाला गुदगुल्या करतेय."

सळई मऊ लोखंडाची होती. तिच्यात कार्बन नावालाच. धार टिकायला कार्बन हवा, हे बासबाईला माहीत नव्हतं असं नाही. पण हाताशी जे होतं ते तिने घेतलं होतं. आता तिने जुनी कानस आणली. कानस म्हणजे कार्बनने गच्च भरलेलं पोलाद, दुसऱ्या लोखंडाला घासून खाणारं. तिने तिची पाती घडवली, लाल केली, पाण्यात बुडवली. चर्र झालं. ही कात्री उघडमीट करताना गात होती. मास्तरांनी एका दमात अख्खी बाही कापली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कौतुकाने त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, ती घरंगळली, फरशीवर पडली आणि तिचे चार तुकडे झाले.

बासबाईने वाकून चारही तुकडे गोळा केले. मग मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "गात मात्र छान होती."

बासबाईने फोन लावला. कारखान्याच्या हत्यारघरात एक म्हातारे कारागीर होते. छिन्नी, पहार, कुऱ्हाड, काहीही असो, त्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायचं, ते त्यांनीच. म्हणून सगळे त्यांना पाणीकाका म्हणायचे. पाणीकाकांनी सगळं ऐकलं आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"पाणी दिलंस ते दिलंस, मग परत थोडं शेकलं का नाहीस? नुसतं पाणी पाजलेलं पोलाद तापट असतं. त्याला जरा ऊब दिली की डोकं शांत होतं."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंस कधी? तू आपली वर काचेत बसून ओरडायचीस." पाणीकाका खोकले. "पण कात्रीचं म्हणशील तर आमच्या वेळची एक युक्ती होती. पाती मऊ लोखंडाचीच कर. ती लोखंडी डब्यात घाल, चहूबाजूंनी कोळशाची भुकटी ठास, झाकण मातीने लिंप आणि लाल आचेवर सावकाश भाजत ठेव. कोळशातला कार्बन हळूहळू कातडीत मुरतो. बाहेरून पोलाद होतं, आतून लोखंड मऊच राहतं. धार धरतं आणि पडलं तरी मोडत नाही."

"म्हणजे," बासबाई सावकाश म्हणाली, "मी जन्मभर जो कार्बन हाकलला, तोच आता आमंत्रण देऊन आत बोलवायचा?"

"पायघड्या घालून. आणि ऐक, कोळसा चामड्याचा घे. जुने बूट बंद डब्यात जाळायचे. हवा लागली तर राख होते, हवा कोंडली तर कोळसा होतो. चामड्याच्या कोळशासारखा दुसरा नाही."

दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या दाराशी एक पोतं उभं राहिलं आणि त्याच्यावर बासबाईच्या ठसठशीत अक्षरांत पाटी लागली: "चामड्याचे जुने बूट इथे टाका. प्लास्टिक नको."

गल्लीने मनावर घेतलं. पोस्टमनने आपले झिजलेले बूट दिले. समोरच्या घरातल्या बाईने नवऱ्याचे दिले, आणि नवऱ्याला मागून सांगितलं. पण पहिला डबा भट्टीवर चढला तशी वासाने गल्लीची हौस फिटली. तो वास वर्णन करण्यासारखा नव्हता. खिडक्या धडाधड मिटल्या. मास्तरांनी शिवून ठेवलेले कोट घाईघाईने प्लास्टिकमधे घातले. मुलगी म्हणाली, "आई, रविवारी ते येणार आहेत. रविवारी तरी हे करू नकोस."

"ते" म्हणजे तिचे होणारे सासरे. मुलीचं जमलं होतं तिच्याच कचेरीतल्या एका मुलासोबत. मुलाची आई नव्हती; वडील एकटे होते. ते बूट बनवायचे. मापाचे, हाताने शिवलेले, मोजक्या गिऱ्हाइकांसाठी. माणूस कमी बोलतो, असं ऐकिवात होतं.

"रविवारी भट्टीला हात लावणार नाही," बासबाई म्हणाली. आणि तिने लावलाही नसता. पण शनिवारी पाती तयार झाली, डबा तयार झाला, फक्त कोळसा थोडा कमी पडत होता. रविवारी सकाळी वारा अंगणातून बाहेर वाहत होता, घराकडे नव्हे. इतका चांगला वारा पुन्हा कधी मिळणार? पाहुणे यायच्या आधी उरकून टाकू म्हणून तिने भट्टी पेटवली. मग भाजी चिरायची होती, मग साडी बदलायची होती, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आहे का घरात कुणी?"

मास्तर धावले. पुढच्या खोलीत त्यांनी एका हॉटेलच्या टेबलांवर घालायचं पांढरंशुभ्र कापड जमिनीभर अंथरून ठेवलं होतं. उचलायचं राहून गेलं होतं.

"माफ करा, बूट जरा काढावे लागतील," मास्तर म्हणाले आणि कापड गोळा करायला वळले.

पाहुण्यांनी बूट काढले. आजूबाजूला पाहिलं. चष्मा खिशात होता, तो काढायचा त्यांना कंटाळा आला. पाटीवरची मोठी अक्षरं तेवढी दिसली: बूट, इथे, टाका. प्रत्येक घराची आपापली रीत असते, असं मनाशी म्हणत त्या सभ्य माणसाने आपले बूट अलगद पोत्यात ठेवले.

आत बोलणी सुरू झाली. हवापाणी झालं, मुलाची नोकरी झाली. बासबाईचा जीव मात्र अंगणात होता. आच अगदी जमून आली असणार. "चहा टाकते," असं म्हणून ती उठली, चहा टाकला, बाजूच्या बोळातून पुढच्या दाराशी आली आणि पोत्यात हात घातला. वरच एक तपकिरी जोड होता. मऊ, चकचकीत, टाका न् टाका ओळीत.

"काय लोक असतात," ती पुटपुटली. "असे बूट टाकून देतात!"

तिने ते बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात कोंबले, झाकण घट्ट बसवलं, डबा विस्तवात ढकलला, हात धुतले आणि चहा घेऊन आत आली.

पाहुणे तोवर खुलले होते. कमी बोलणारा माणूस, पण समोर शिंपी बसलेला. धाग्याचा विषय निघाला आणि ते बोलायला लागले. मेण लावलेला धागा, दोन सुयांचा टाका, एका भोकातून दोन्ही बाजूंनी जाणारा. मास्तर मान डोलवत होते, मधेमधे "असं? असं?" करत होते. मुलीचा जीव भांड्यात पडला होता.

"आजच्या भेटीसाठी म्हणून नवा जोड केला," पाहुणे जरा लाजत म्हणाले. "म्हटलं, शिंप्याच्या घरी जायचंय, टाके बघणारे डोळे आहेत. तुम्हाला दाखवू का?"

"दाखवा की!" मास्तर उठलेच.

"तपकिरी आहेत," पाहुणे म्हणाले.

बासबाईचा कप बशीवर वाजला.

दोघे पुरुष दारापर्यंत गेले. पाहुण्यांनी पोत्यात डोकावलं. मग खाली. मग पायरीवर. मास्तरांनी पाटी वाचली, पोत्याकडे पाहिलं, पाहुण्यांच्या मोज्यांकडे पाहिलं आणि सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. मागून अंगणातून तो वास, वर्णन करण्यासारखा नसलेला, हळूहळू घरात शिरत होता. वारा फिरला होता.

"आई," मुलगी म्हणाली.

ज्वाळा बघत राहिल्याबद्दल विभागप्रमुखांसमोर उभी होती, तशीच बासबाई आता उभी राहिली. ती म्हणाली, "दादा, माझ्याबरोबर अंगणात या."

तिने चिमट्याने डबा बाहेर ओढला. तो जरा निवला तसं झाकण उघडलं. आत दोन बूट होते. काळेकुट्ट, आकसून लहान मुलाच्या पायाचे झालेले, पण बूटच. पाहुण्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"बघा," ते शेवटी म्हणाले. "एक टाका सुटलेला नाही."

खरंच नव्हता. टाच, तळवा, पुढची शिवण, सगळी जागच्या जागी, काळ्यावर काळी. मास्तरही वाकले. "वा," ते म्हणाले, मनापासून. पाहुण्यांनी एका बोटाने टोकाला स्पर्श केला आणि बूट भुसभुशीत होऊन बसला.

"दादा, मला काय बोलावं तेच..." बासबाई म्हणाली.

"पाटीवर लिहिलंच होतं की. टाका म्हणून टाकले." त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडताहेत असं मुलीला वाटलं आणि ती पुढे झाली. पण तो माणूस हसत होता. बरीच वर्षं वापरात नसलेलं हसू असावं; आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग थांबेना. "बूट... बिस्किटांच्या डब्यात..." एवढंच त्यांना म्हणता येत होतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पण विहीणबाई, हे जाळून करता काय?"

मुलीने चटकन आईकडे पाहिलं. विहीणबाई म्हणाले होते. म्हणजे जमलं.

मग दुपार अंगणात गेली. पाहुण्यांनी मास्तरांच्या चपला घातल्या, ज्यांच्या बाहेर त्यांच्या टाचा लोंबत होत्या, आणि स्वतःच्या बुटांचा कोळसा स्वतः खलबत्त्यात कुटला. "दुसऱ्या कुणी कुटलेला मला चालणार नाही," असं म्हणाले. बासबाईने पाती डब्यात ठेवली, भोवती भुकटी ठासली, मातीने झाकण लिंपलं आणि डबा निखाऱ्यांत पुरला. कोळसा लोखंडात शिरतो तरी कसा, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की लोखंड लाल झालं की त्याचे कण जरा सैल उभे राहतात, गर्दीत माणसं सरकून घेतात तसे; कार्बनचे कण असतात बारके, ते त्या फटींतून आत घुसतात. मग एकदम पाण्यात बुडवलं की आत शिरलेल्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते तिथेच अडकतात, कुणालाच हलता येत नाही, आणि लोखंड कडक होतं.

"म्हणजे कोंडमारा," व्याही म्हणाले.

"पूर्ण कोंडमारा. त्याचीच धार होते."

"आणि जास्त झाला तर?"

"चार तुकडे," मास्तर म्हणाले.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा डबा फोडला. लालबुंद पाती बादलीत गेली, चर्र झालं, वाफेचा लोट उठला. मग पाणीकाकांनी सांगितल्याप्रमाणे थोडी ऊब दिली. पातं जुन्या कानशीच्या तुकड्याने घासून पाहिलं. कानस नुसती घसरली. कातडी कडक झाली होती. बासबाईने मुद्दाम एक पातं फरशीवर आपटलं. ठण्ण वाजलं आणि तसंच पडून राहिलं, अखंड. व्याह्यांनी टाळी वाजवली.

एक गोष्ट मात्र बिघडली होती. पाणी देताना डावं पातं किंचित वाकलं होतं. कात्री जोडली तेव्हा ती सरळ धरली की अडायची आणि मनगट जरासं बाहेर वळवलं की लोण्यातून जावी तशी कापडातून जायची. बासबाई हिरमुसली.

"राहू दे गं," मास्तर म्हणाले आणि मनगट वळवून पांढऱ्या कापडातून एक लांब सरळ रेघ कापत गेले. "उलट बरं. माझी कात्री कुणी मागायला नको." पुढे तसंच झालं. दुकानात कुणीही ती उचलली तर ती चालायची नाही, आणि मास्तरांच्या हातात अडायची नाही. मुलगी म्हणायची, बाबांना आईशी वागून वागून सवयच आहे.

व्याही त्या संध्याकाळी मास्तरांच्या चपलांतच घरी गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "विहीणबाई, चामडं कापायचं एक पातं हवंय. रापी. रुंद, पातळ. बाजारातली लवकर बोथट होते."

"करते," बासबाई म्हणाली. "पण पहिल्या झटक्यात जमेल असं सांगत नाही."

"मला घाई नाही. कातडीचे तुकडे लागतील तेवढे पाठवतो. फक्त शिवलेले बूट मागू नका."

रापी तिसऱ्या खेपेला जमली. लग्न त्याच्या आधीच झालं. जावई हुशार निघाला. सासुरवाडीला आला की बूट काढून हातात घेऊन आत येतो, आणि जेवतानाही ते मांडीशी ठेवतो, असं गल्लीत सांगतात. त्यातलं अर्धं तरी खरं आहे.

व्याही आता बऱ्याच रविवारी येतात, पिशवीत कातडीचे तुकडे घेऊन. मास्तर आणि ते टाक्यांवर बोलतात, बासबाई भट्टीशी असते. सध्या तिने बागेच्या माळ्याला झुडपं छाटायची लांब कात्री कबूल केली आहे. पहिली वाकली, दुसरी तडकली. माळ्याने परवा येऊन चौकशी केली तेव्हा ती निखाऱ्यांवरून नजर न काढता म्हणाली, "झुडपांना म्हणावं, वाढा अजून थोडी."